मनोऱ्याला रंग मारून शिडी येत नाही

दोस्तांनो, आधी ती भिंत डोळ्यांसमोर आणा.

केरळातलं कोची. एर्नाकुलमला गाडीतून उतरायचं, जेट्टीवर जायचं, बोटीत बसायचं नि खाडी ओलांडून फोर्ट कोचीला लागायचं. तिथून चालत पुढे मट्टनचेरी. जुनं बंदर, जुनी वस्ती. पोर्तुगीजांचं चर्च, डचांची दफनभूमी, ज्यूंचं सिनेगॉग, गुजराती शेठांच्या पेढ्या, कच्छी मेमनांच्या मशिदी, कोकणी सारस्वतांचं देऊळ, तमिळ धोब्यांचा धोबीखाना. एवढ्याशा जागेत तीसच्या वर समाज नि डझनभर भाषा, असं गाइड सांगतो. खोटं नाही ते. 12 डिसेंबर 2012 ला इथे पहिली बिनाले भरली, सहावी 12 डिसेंबर 2025 ला उघडली. जगभरचे कलावंत येतात, गोदामांतून चित्रं लागतात, आणि त्या हवेवर गल्लीतल्या भिंतीही रंगतात. 'लोकांची कला', 'लोकसहभागातून कला', 'वारशाचा उत्सव' अशी त्याला नावं आहेत.

अशा भिंतीवर कोण असतं? मासळीवाला असतो. धोबी असतो. गोणी उचलणारा हमाल असतो. दाढीवाला म्हातारा, मोगऱ्याचा गजरावाली बाई, टोपीवालं पोरगं. सगळे एका रांगेत, खांद्याला खांदा लावून, दात दाखवून हसत. पाहुणा येतो, समोर उभा राहतो, फोटो काढतो, म्हणतो वा, काय हा सलोखा!

आमचं भांडण त्या रांगेशी आहे.

बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायका'च्या पहिल्याच अंकात ह्या समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. मजल्यावर मजला, आणि शिडी नाही. ज्या मजल्यावर जन्मलास त्याच मजल्यावर मर. शंभर वर्षं उलटली, आता चित्रकार आले. त्यांनी काय केलं? मनोरा आडवा पाडला. पण भिंतीवर. कागदावर. रंगात. माणसं जगली एकमेकांच्या डोक्यावर उभी राहून, नि चित्रात दाखवली एकमेकांच्या शेजारी उभी करून. वर-खालीचं शेजारी-शेजारी केलं की झाला 'बहुसांस्कृतिक वारसा'. ही सगळी कला त्या एका हातचलाखीवर उभी आहे. ती कोची गावात कशी चालते ते बघू. तिथली उदाहरणं अशासाठी की केरळ म्हटलं की आपले पुरोगामी लगेच डोळे मिटून मान डोलावतात.

सिनेगॉगपासून सुरू करू. मट्टनचेरीचं परदेशी सिनेगॉग 1568 चं. जमिनीवर निळ्या चिनी फरशा, छताला काचेचे दिवे. पाहुण्यांची रांग लागते. ज्यू म्हणजे बिचारे जगभर छळलेले, आणि भारतात त्यांना कुणी छळलं नाही, ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. खरी आहे. पण अर्धी. त्या सिनेगॉगमधे मुक्त केलेल्या गुलामांचे वंशज होते. धर्माने ज्यू, प्रार्थना तीच, हिब्रू तीच. पण बाकड्यावर बसायचं नाही. बाहेरच्या खोलीत, जमिनीवर बसायचं. मेल्यावर पुरायची जागासुद्धा बरोबरीची नाही. त्यांच्यातला एक माणूस वकील झाला, अब्राहम बराक सालेम. जन्म 1882, मृत्यू 1967. कोचीनच्या कायदेमंडळात जाऊन बसला, पण आपल्याच देवाच्या घरात त्याला बाकडं नाही! त्याने सिनेगॉगमधेच सत्याग्रह केला. पोरांना घेऊन लढला. हळूहळू, वर्षानुवर्षांनी, ती बंदी ढिली पडली. आता सांगा, भिंतीवर जेव्हा 'ज्यू' म्हणून एक गोरा म्हातारा काढता तेव्हा त्यात सालेम कुठं बसलाय? बाकड्यावर की जमिनीवर?

आता आपल्याकडून गेलेल्यांचं बघा. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून गौड सारस्वत निघाले, किनाऱ्याकिनाऱ्याने कोचीला आले. देव वाचवायला निघाले, असं ते सांगतात. देव आणला, व्यापार आणला, भाषा आणली. त्याच वाटेने गोव्यातनंच कुडुंबीही आले, आपण कुणबी म्हणू त्यांना. बोली कोकणीच. सारस्वतांच्या घरी राबले, पेढीवर राबले, बायकांनी तांदूळ कांडले. देवळात मात्र बरोबरीची जागा नाही. घर सोडलं, गाव सोडलं, मुलूख सोडला, पण जात? जात सामानात पहिली बांधली. च्यायला, माणसाच्या जिवावर बेततं, बोटीत धड पाय ठेवायला जागा नसते, तरी जात मात्र बोटीत चढतेच! आणि आज रंगवणारा येतो नि म्हणतो, 'कोकणी समाज'. एकच चौकोन. एकच रंग. त्या चौकोनात मुसळ कुणाच्या हातात होतं आणि भात कुणाच्या ताटात होता, ते चित्रात येत नाही.

आणि तिसरे आपले. पुलया.

नीट ऐका, हे कुठल्याच गाइडच्या तोंडून ऐकू येणार नाही. डचांनी 1663 ला कोची घेतलं, 1795 पर्यंत धरून ठेवलं. त्या बंदरातून मिरी गेली हे पोराला शाळेत शिकवतात. त्या बंदरातून माणसंही विकली गेली. खरेदीच्या कागदांवर नावापुढे जात लिहिलेली आहे, पुलया म्हणून. बटाव्हियाला, सिलोनला, आफ्रिकेच्या टोकाला केपला. मिरीच्या गोण्यांवर चित्रं आहेत, मसाल्याच्या वासावर कविता आहेत, त्या माणसांवर काय आहे?

जे विकले गेले नाहीत ते जमिनीला बांधलेले गुलाम म्हणून चिखलात राहिले. गुलामी कायद्याने बंद झाली 1850 च्या दशकात. कागदावर. 1913 साल उजाडलं तरी एर्नाकुलमच्या सडकेवर पुलयाला पाय ठेवायची चोरी. सभा घ्यायची म्हटलं तर जागा नाही. सगळी जमीन राजाची, नि राजाच्या जमिनीवर पुलयाने जमायचं नाही. मग काय केलं आपल्या लोकांनी? होड्या काढल्या. खाडीत नेल्या, एकमेकींना बांधल्या, नि त्या बांधलेल्या होड्यांवर सभा भरवली! पाणी कुणाच्या बापाचं नाही, पाण्यावर राजाची पाटी नाही. ह्या सभेला कायल संमेलन म्हणतात, कायल म्हणजे खाडी. मच्छीमार समाजातले कवी-पंडित करुप्पन, पुलयांतले कृष्णाती आशान, के. पी. वल्लोन ही त्यातली माणसं. कोचीन पुलया महासभा त्यातूनच उभी राहिली. आपल्या चवदार तळ्याच्या चौदा वर्षं आधीची गोष्ट ही! महाडला आपण पाण्यासाठी लढलो, कोचीला त्यांना जमीन नव्हती म्हणून ते पाण्यावर उभे राहून लढले.

दोस्तांनो, ह्याच्यापेक्षा मोठं चित्र कुठल्या चित्रकाराला पाहिजे? फोर्ट कोचीहून एर्नाकुलमला जाणारी प्रत्येक बोट आजही त्याच खाडीच्या पाण्यातून जाते. जुन्या शहराचा 'वारसा' म्हणतात तो हा. होडीला बांधलेली होडी. अख्खी भिंत ह्याला द्या. देणार?

आणखी एक प्रसंग सांगतो, तो तर ह्या कलेच्या तोंडावर मारण्यासारखा आहे. संमेलनानंतर थोड्याच वर्षांत एर्नाकुलमला शेतीमालाचं प्रदर्शन भरलं. भाताच्या लोंब्या, नारळ, भाजी, सगळं मांडलं. हे पिकवलं कुणी? पुलयांनी. आणि प्रदर्शन बघायला शहरात यायची बंदी कुणाला? पुलयांना. माल आत, मालक बाहेर! करुप्पनांनी हे दिवाणासमोर मांडलं. दिवाण होता जोसेफ भोर, आपल्या नाशकात जन्मलेला, पुढे ज्याच्या नावाने देशाच्या आरोग्याची भोर समिती झाली तोच. त्याने परवानगी दिली आणि होड्यांतून वाट बघत बसलेले पुलया शहरात उतरले.

आता आजच्या प्रदर्शनाकडे बघा. काय बदललं? माणूस आत येऊ शकतो, हे खरं. ते लढून मिळवलंय, कुणी बक्षीस दिलं नाही. पण माल आत आणि मालक बाहेर हा कारभार गेला का? कष्टाचं चित्र आत, कष्टकरी बाहेर. धोबीघाट आत, धोबी बाहेर. धोब्याच्या हातांचा फोटो भिंतीवर सहा फुटी, आणि त्या हातांना विचारलं का कुणी, बाबा, ह्या भिंतीवर काय पाहिजे?

'लोकसहभाग' म्हणजे काय असतो ते आपल्याला ठाऊक आहे. दोन दिवसांची कार्यशाळा. पोरांच्या हाती ब्रश. आजीबाईंना म्हणायचं, आजी, जुन्या आठवणी सांगा ना. आजी सांगते. त्यातलं गाणं घेतात, रेसिपी घेतात, मसाला घेतात. मार खाल्ल्याची आठवण घेत नाहीत, ती 'नकारात्मक' असते. शेवटी मोठा कलावंत बाहेरून येतो, त्याचं नाव खाली कोपऱ्यात लागतं, आजीचा चेहरा वर लागतो. चेहरा आजीचा, सही त्याची. आमच्या बापजाद्यांचे अंगठे सावकाराच्या कागदावर असेच लागायचे.

आणि हे 'घर' नावाचं प्रकरण. 2021 ला आलप्पुळात एक भलंमोठं प्रदर्शन भरलं, 267 मल्याळी कलावंत. नाव ठेवलं 'लोकमे तरवाड'. जग हेच घर, असा अर्थ सांगितला. अर्थ मोठा गोड. पण तरवाड म्हणजे कुठलंही घर नव्हे, बाबांनो. तरवाड म्हणजे नायरांचं मोठं वाडावजा कुळाचं घर. केरळात घराला जातीप्रमाणे नाव होतं. विल्यम लोगन नावाच्या इंग्रज अंमलदाराने 1887 च्या मलबारवरच्या आपल्या ग्रंथात यादीच दिलीय. ब्राम्हणाचं ते इल्लम, नाहीतर मना. राजाचं ते कोविलकम. नायराचं ते वीडु. सुतार-लोहाराची ती कुडी. आणि गुलाम शेतमजूर ज्या झोपडीत राहायचा तिचं नाव काय? चाळ!

ऐकलंत? चाळ. आपल्या चाळीशी त्या शब्दाचं नातं आहे की नाही ते भाषापंडितांनी ठरवावं, आम्ही कानाला विचारतो, नि कानाला ते ओळखीचं वाटतं. मग आमचा साधा सवाल. जग हे तरवाडच का? जग ही चाळ का नाही? सगळ्यांना एका घरात घ्यायचं म्हटलं की ते घर नेहमी वरच्यांचंच का निघतं? आम्हाला पाहुणा म्हणून दिवाणखान्यात बोलावता, आणि वर म्हणता बघा, किती मोठ्या मनाचे आम्ही!

इथे कुणी म्हणेल, तुम्ही लोक सगळीकडे जात काढता. कलेत सौंदर्य बघा. पर्यटन वाढलं, चहावाल्याचा धंदा वाढला, भिंत स्वच्छ झाली, ह्यात वाईट काय?

उत्तर रोखठोक देतो. चहावाल्याचा धंदा वाढला तर आम्हाला आनंद आहे. भिंत स्वच्छ झाली तर ती कुणी स्वच्छ केली तेवढं सांगा. फोर्ट कोचीतल्या कळवत्ती-तुरुत्तीच्या दाटीवाटीच्या वस्तीला पक्की घरं द्यायची योजना मंजूर झाली ती दहा वर्षांहून जास्त रखडली. तेवढ्यात बिनाले येत राहिल्या, जात राहिल्या. त्याच मातीत एकाला गोदाम सजवायला वेळ मिळतो, दुसऱ्याला छप्पर मिळायला दशक जातं. 2019 ला बिनालेचे मांडव-भिंती उभारणाऱ्या ठेकेदाराने पैसे थकल्याचा आरोप जाहीर केला, आयोजकांना तो हिशेब मान्य नव्हता, भांडण वर्तमानपत्रांत गेलं. हिशेब कुणाचा खरा ते त्यांचं ते बघोत. आम्हाला एवढंच दिसतं की कलेच्या उत्सवातही शेवटी प्रश्न मजुरीचाच येतो, नि मजुरीचा प्रश्न कुठल्या भिंतीवर रंगवत नाहीत.

रंगवायचं असेल तर विषय कमी नाहीत. ह्याच मट्टनचेरीच्या बंदरात 'चाप्पा' नावाची पद्धत होती. चाप्पा म्हणजे धातूचा बिल्ला. सकाळी मजुरांची झुंड जमायची, ठेकेदाराचा माणूस मूठभर बिल्ले गर्दीवर भिरकावायचा, ज्याच्या हाती लागला त्याला त्या दिवशी काम. कोंबड्यांना दाणे टाकावेत तसे! माणसं एकमेकांना तुडवून बिल्ल्यावर पडायची. ह्याविरुद्ध कामगार उठले, 15 सप्टेंबर 1953 ला पोलिसांनी गोळ्या घातल्या, कामगार मेले. मुसलमान नि ख्रिश्चन एकाच लढ्यात मेले. ह्यावर 2023 ला 'तुरमुखम' नावाचा मल्याळी सिनेमा निघाला. सलोखा पाहिजे ना तुम्हाला? हा घ्या सलोखा! गजरा-टोपी-दाढीचा नव्हे, गोळी एकत्र खाल्ल्याचा. माणसं खरोखर शेजारी-शेजारी कधी उभी राहतात? मनोरा हलवायला हात लावतात तेव्हा. चित्रकाराने सांगितलं म्हणून नाही.

आणि एक बाई. दाक्षायणी वेलायुधन. ह्याच खाडीतल्या मुळवुकाड बेटावर 1912 ला पुलया घरात जन्मली. कॉलेजात सायन्स घेतलं, सवर्ण मास्तर प्रयोग जवळून दाखवीना, लांबून बघून शिकली, 1935 ला पदवीधर झाली. 1940 ला आपल्या वर्ध्याला, सेवाग्रामात तिचं लग्न लागलं. 1946 ला घटना समितीत गेली, तिथली एकमेव दलित बाई. बाबासाहेबांशी तिचं स्वतंत्र मतदारसंघावरून पटलं नाही, हेही सांगून टाकू, लपवायचं काय? आपलं माणूस आपल्याशी भांडलं म्हणून परकं होत नाही. ज्या राज्यात बापाला जमिनीवर सभा घेता येत नव्हती, त्या राज्यातली पोर देशाची घटना लिहायला बसली. जुन्या कोचीचा वारसा हाही आहे, आणि तो गजरेवाल्या बाईच्या निनावी चेहऱ्यापेक्षा लाखपट मोठा आहे.

हे सगळं वाचून मुंबईतला एखादा दोस्त म्हणेल, कोचीचं कोचीवाले बघतील, आपल्याला काय? आपल्याला काय ते सांगतो. चाळीवरच येतो.

बीडीडी चाळी 1920 च्या दशकात उभ्या राहिल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी. एकशेसाठ फुटांच्या खोल्या, त्यात अख्खी कुटुंबं. गिरण्यांतले, गोदीतले, झाडूवाले, कोकणातले, घाटावरले, आपले. 5 जानेवारी 1974 ला वरळीला पँथरची सभा होती, सभेवर दगड आले, दंगल पेटली. 10 जानेवारीच्या मोर्च्यावर वरून दगड टाकला, भागवत जाधव गेला. आता त्या चाळी पडतायत, टॉवर उठतायत. 14 ऑगस्ट 2025 ला वरळीत पहिल्या 556 कुटुंबांच्या हाती चाव्या दिल्या. घर मिळालं, चांगलं झालं, हक्काचं होतं. पण लिहून ठेवा, चाळ पडली की चाळीचा 'वारसा' सुरू होतो. माणूस गेला की फोटोला हार. आता येतील भिंती रंगवायला. दहीहंडी काढतील, गणपती काढतील, कॅरम खेळणारी पोरं काढतील, सामायिक गॅलरीत पापड वाळत घालणाऱ्या मावशी काढतील. गोड गोड चाळ. कुठल्या चाळीत कोण राहायचं, कुठल्या नळावर कोण भांडलं, 1974 ला कुठल्या गच्चीवरून दगड आले, ते काढतील? आपण काढलं तरच निघेल.

म्हणून आम्ही भिंत फोडा म्हणत नाही. भिंत आम्हाला पाहिजे! कला आम्हाला पाहिजे. गावकुसाबाहेर ठेवलेल्याला भिंतीची किंमत तुमच्यापेक्षा जास्त कळते. पण आमच्या अटी ऐका.

जिथे चेहरा रंगवाल तिथे नाव लिहा. चेहरा निनावी नि चित्रकार नावाचा, हे चालणार नाही.

ज्याचा चेहरा, ज्याची गोष्ट, ज्याचा घाम, त्याला मजुरी द्या. सन्मानपत्र नको, शाल नको, नारळ तर मुळीच नको. मजुरी.

वस्तीतला माणूस विषय म्हणून नको, ठरवणारा म्हणून पाहिजे. काय काढायचं, काय पुसायचं, ह्यावर त्याचं मत मोजा. 'नाही' म्हणाला तर ब्रश खाली ठेवा.

आणि 'अनेक समाज' म्हणाल तिथे त्यांच्यातली शिडी नसलेली उंचीही दाखवा. कोण बाकड्यावर होतं, कोण जमिनीवर होतं, कोणाला पाण्यावर उभं राहावं लागलं. ते लपवून केलेली एकी आम्हाला नको. ती एकी नाही, रंगसफेदी आहे.

हे ते करतील याची वाट बघत बसू नका, दोस्तांनो. आपल्या गल्लीत किती म्हातारे उरलेत ते मोजा. आजच संध्याकाळी वही घेऊन जा, बसा त्यांच्यापाशी. म्हणा, आज्जा, रेसिपी नको, गाणंही राहू दे, दगड कुठून आला ते सांग. मग चुना घ्या, गेरू घ्या, नायतर कोळसा घ्या, आणि आपली भिंत आपण लिहा. पुसली तर परत लिहा. जमिनीवर बंदी आली तर होड्या आहेतच, बापजाद्यांनी बांधून दाखवल्यात.

जय भीम.